पुढची डावी सीट

गाडी बिघडली की तिनं आवाज केला पाहिजे, एवढी आपली साधी अपेक्षा असते. पुढून कुईकुई आली की बेल्ट, खालून टकटक आली की लिंक रॉड, ब्रेक दाबल्यावर किर्रर्र झालं की पॅड. आपण गॅरेजवाल्याला तो आवाज तोंडानं काढून दाखवतो, तो जरा वेगळ्या पट्टीत काढून "असा?" म्हणून विचारतो, आपण "नाही, याहून जाड" म्हणतो, आणि निदान पक्कं होतं. त्यामुळे जी गाडी गुपचूप चालते, जिचा एसी गार आहे, जी हायवेला लिटरमागे सोळा देते, तिच्यात जिवावर बेतेल असा दोष आहे असं खुद्द ती बनवणारी कंपनीच सांगायला लागली, की आपल्या तोंडून "बाप रे" निघत नाही. "यात यांचा काय फायदा?" असं निघतं.

त्यावर कंपनी म्हणते, दुरुस्ती फुकट करून देऊ. मग तर संशयच उरत नाही, खात्रीच होते. माझं स्पष्ट मत आहे की सुरक्षेसाठी परत बोलावलेल्या गाड्या लोक नेत नाहीत त्याचं मोठं कारण हा फुकटपणा आहे. या कामाचे साडेतीन हजार रुपये लावून 'फक्त रविवारपर्यंत वीस टक्के सूट' असा मेसेज टाकला, तर अर्धं कोथरूड सकाळी सातला गाड्या घेऊन दारात उभं राहील. त्यातले काही जण पंचवीस टक्क्यांसाठी भांडतील आणि मिळवतील.

आमच्या गाडीची बातमी आमच्याकडे आलीच नाही. ती रत्नागिरीला गेली. जुन्या गाड्यांच्या बाजारात प्रत्येक गाडी एकहाती आणि डॉक्टरांची असते. आमची खरोखरच डॉक्टरांची निघाली होती. आरटीओत नाव बदललं, विम्यावर बदललं, फास्टॅगवर बदललं, पण कंपनीच्या दप्तरी गाडी अजून डॉक्टरांच्याच अंगणात उभी होती. तेव्हा एके संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"तुमच्या गाडीचं पत्र आलंय हो माझ्याकडे."

"काय म्हणतंय?"

"फुगा बदला म्हणतंय. पुढच्या डाव्या सीटसमोरचा. अशातलं एक पूर्वीही आलं होतं वाटतं. मला वाटलं विम्याची जाहिरात. त्यात हिनं कुणाला तरी आमसुलं बांधून दिली."

"मग आता काय करावं?"

"ते तुम्ही बघा. मी गाडी विकलीय." एवढं बोलून ते जरा थांबले आणि म्हणाले, "पावसाळ्यात मात्र ती बाहेरच असायची हो. शेडमध्ये लाकडं असायची ना. आपलं सांगून ठेवतो."

पत्राचा फोटो आला. त्यात लिहिलं होतं की डाव्या एअरबॅगचा इन्फ्लेटर, म्हणजे ती फुगवणारा डबा, अपघाताच्या वेळी नीट काम करेलच असं नाही, तरी खबरदारी म्हणून तो विनामूल्य बदलून देण्यात येईल. 'नीट काम करेलच असं नाही' हे वाक्य इतकं सौम्य होतं की आमच्या घरातल्या निम्म्या लोकांनी ते स्वतःला लावून घेतलं.

पत्र खरं की कुणाची बनवाबनवी, हे आधी पाहायला हवं होतं. कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाकला की गाडी यादीत आहे की नाही ते कळतं. चासी नंबर सतरा अक्षर-आकड्यांचा. एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात जगभर कुठंच घेत नाहीत. एवढी काळजी घेणाऱ्यांनी बी आणि आठ, एस आणि पाच यांचं काय ते मात्र आमच्यावर सोपवलं आहे. आरसीच्या कार्डावरचा नंबर खिशात घासून पुसट झालेला. शेवटी मुलीनं सीटखालचं मॅटिंग उचललं आणि मोबाइलच्या उजेडात आकडे वाचले. नंबर मिळाला, शिवाय वाढदिवसाला हरवलेलं एक पैंजण आणि डॉक्टरांच्या काळातली खोकल्याची गोळीही मिळाली. साइटवर लाल अक्षरांत उत्तर आलं. गाडी यादीत होती.

आता ठरवायचं होतं. घरात निर्णय घ्यायचा म्हटलं की ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांची मतं सर्वांत ठाम असतात. आई म्हणाली, "इतकी वर्षं काही झालं नाही ना? मग चांगल्या चाललेल्या गाडीला हात कशाला लावायचा?" बायको म्हणाली, "न्यायची असेल तर ने, पण माझी मीटिंग असेल त्या दिवशी नको." तिच्या मीटिंगा रोज असतात. मेहुणा म्हणाला, "दाजी, विकून टाका. पुण्याची गाडी, डॉक्टरांची गाडी, दोन दिवसांत उचलतील." घेणाऱ्याला हे पत्र दाखवायचं की नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला, "पत्र कुठं तुमच्या नावावर आहे?" कायद्याचा अभ्यास अर्धवट सोडल्याचा त्याला असा अधूनमधून उपयोग होतो.

मग वरच्या मजल्यावरचे काका आले. पिंपरीच्या कारखान्यात आयुष्यभर क्वालिटी कंट्रोलला होते. निवृत्तीनंतर सोसायटी त्यांच्या कंट्रोलखाली आहे. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "गाडी मूळची कुठली?"

"रत्नागिरी."

"संपलं!" काका म्हणाले.

मग त्यांनी ताकाता सांगितला. पत्रात डबा कुणी बनवला त्याचं नाव नव्हतं, पण एअरबॅगचा विषय निघाला आणि काकांनी ताकाता सांगितला नाही असं होणं शक्य नव्हतं. ताकाता ही जपानी कंपनी. १९३३ साली कापड विणण्यापासून सुरुवात केली, मग सीटबेल्ट, मग एअरबॅग. धडक बसली की डब्यातल्या रसायनाच्या वड्या पेटतात, वायू होतो आणि सेकंदाच्या विसाव्या हिश्शाच्या आत पिशवी फुगते. ताकातानं या वड्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरलं. स्वस्त पडतं. शेतात खत म्हणून तेच घालतात आणि खाणीत सुरुंग लावायलाही तेच वापरतात. पण त्याला दमट हवा सोसत नाही. वर्षानुवर्षं ओल आणि रोजचा उन्हाचा ताव खाऊन वड्या आतून भुसभुशीत होतात, मग पेटल्या की नको तितक्या वेगानं पेटतात, पिशवी फुगवायच्या ऐवजी डबाच फोडतात, आणि पत्र्याचे तुकडे पिशवी फाडून समोरच्या माणसाकडे येतात. २०१४ मध्ये फ्लोरिडात एका अपघातानंतर चालक बाईंच्या मानेवरच्या जखमा पाहून पोलिसांना आधी खुनाचा संशय आला होता. अमेरिकेत यात पंचवीसहून जास्त माणसं गेली. जगभरातून सुमारे १० कोटी डबे परत बोलवावे लागले आणि २०१७ च्या जूनमध्ये ताकातानं दिवाळखोरी जाहीर केली.

खोलीत शांतता झाली. आईनं तेवढ्यात "पण आपली ती नाही ना?" असं विचारलं. काका म्हणाले, तसं पत्रात लिहिलेलं नाही. म्हणजे आहे असंही नाही आणि नाही असंही नाही.

"आणि रत्नागिरीचं काय?" मी विचारलं.

तर अमेरिकेनं डबे बदलताना राज्यांची क्रमवारी लावली होती. फ्लोरिडा, हवाई, लुइझियाना अशी दमट, उष्ण राज्यं आधी. आणि गाडी आज कोरड्या राज्यात असली तरी पूर्वी कधी या राज्यांत नोंदलेली असेल, तर ती पहिल्या रांगेत. म्हणजे स्थळाची पत्रिका पाहावी तसं गाडीचं मूळ गाव पाहायचं. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्याच्या चौपट. आणि आमची बया तिथं बाहेर उभी, लाकडं शेडमध्ये.

त्या दिवशी पहिल्यांदा मला थोडी भीती वाटली. पण भीती वाटणं आणि सर्व्हिस सेंटरला फोन करणं यांमध्ये आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याचा सल्ला घेण्याची पायरी असते, ती चुकवून चालत नाही. सिंहगड रोडच्या आतल्या गल्लीत त्याचं गॅरेज आहे. त्यानं पत्र हातात घेतलं, ग्रीसचा अंगठा उमटवला आणि परत दिलं.

"शोरूमला नेऊ नका साहेब. गाडी सीलपॅक आहे. एकदा का डॅशबोर्ड खोलला की आयुष्यभर खुळखुळणार. त्यांची पोरं क्लिपा तोडतात आणि फेविक्विक लावतात."

"मग काय करू?"

"फ्यूज काढून टाकतो. फुगा बंद, विषय बंद."

"आणि मीटरवर लाल दिवा लागेल तो?"

"त्याला काळी टेप."

त्याच्या या उपायातलं तर्कशास्त्र मला आजही मोहक वाटतं. धोका आहे, धोक्याचा दिवा आहे, आणि दिव्यावर टेप आहे. तिन्ही गोष्टी जागच्या जागी. हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांना पाणी द्यावं लागलं. "अहो, फुग्यात दोष आहे तो पत्र्याचा," ते म्हणाले, "तुम्ही फुगाच काढलात तर समोरून ट्रक आल्यावर टेप फुगणार आहे का?" मेहुण्यानं मध्येच सुचवलं की मुळात अपघातच करायचा नाही, म्हणजे फुगा फुटायचा प्रश्नच येत नाही. पुण्यात राहून माणूस असं बोलू शकतो याचं काकांना एवढं आश्चर्य वाटलं की ते त्याला काहीच बोलले नाहीत.

दरम्यान मी सर्व्हिस सेंटरला फोन केला होता. मराठीसाठी एक दाबलं, तरी हिंदीत बोलले. पार्ट सध्या स्टॉकला नाही, नाव लिहून ठेवतो, आला की कळवतो. मग तोवर गाडी चालवायची की नाही? "चला सकते है सर, बस आगे लेफ्ट में किसी को मत बिठाइए." आम्हाला वाटलं होतं प्रश्न तांत्रिक आहे. तो इथून कौटुंबिक झाला.

पुढची डावी सीट ही आमच्या घरात आईची. ती तिथून गाडी चालवते. माझ्या हातात स्टिअरिंग असतं एवढंच. "हळू", "रिक्षा", "तो आत शिरणार बघ", "सिग्नल पडतोय" हे सगळं तिथून येतं. आईला मागं बसवलं. मग पुढं बसू नये हे प्रत्येक पाहुण्याला, वॉचमनला, सोसायटीच्या पोरांना समजावून सांगायची वेळ आली. काकांनी सांगितलं, यालाही दाखला आहे. फोर्डच्या गाड्या पार्कमध्ये उभ्या करून उतरलं की गिअर घसरून मागं पळायच्या, अशा तक्रारी अमेरिकेत फार झाल्या. १९८० मध्ये तडजोड अशी झाली की गाड्या परत बोलवायच्या नाहीत; कंपनीनं सुमारे २ कोटी ३० लाख मालकांना डॅशबोर्डावर लावायचं एक स्टिकर पाठवायचं. एवढ्या मोठ्या कंपनीनं पाटी लावून प्रश्न सोडवलेला ऐकून आम्हाला आपलेपणा वाटला. आमच्या बायकोचं माहेर सदाशिव पेठेतलं. तिनं लगेच सीटला पाटी केली: 'येथे बसू नये. कारण विचारू नये. सामान ठेवल्यास चालेल, मालकाच्या जबाबदारीवर.'

सामान ठेवलं. डाव्या सीटवर भाजीची पिशवी, इस्त्रीचे कपडे, एकदा तर अख्खा भोपळा बसून आला. सीटबेल्ट लावला नाही म्हणून गाडी भोपळ्यावर टुंग टुंग ओरडत होती. आई मागून म्हणाली, "आता येतोय बघ आवाज. आता दाखव त्या गॅरेजवाल्याला."

काका रोज संध्याकाळी येऊन नवीन काहीतरी सांगायचे. या विषयात एवढी करमणूक असेल असं मला वाटलं नव्हतं. २०११ मध्ये माझ्दानं अमेरिकेच्या बाजूच्या ६५ हजार 'सिक्स' गाड्या परत बोलावल्या, कारण एका जातीच्या पिवळ्या कोळ्यांना पेट्रोलचा वास आवडायचा आणि ते टाकीच्या हवेच्या नळीत शिरून जाळी विणायचे. नळी तुंबली की टाकीला तडा जायचा धोका. कंपनीनं कोळी आत जाऊ नये म्हणून स्प्रिंग बसवून दिली. २०१४ मध्ये पुन्हा ४२ हजार गाड्या बोलवाव्या लागल्या. कोळ्यांना स्प्रिंग आवडली असावी. टेस्लानं २०२४ मध्ये सुमारे २२ लाख गाड्या परत बोलावल्या, पडद्यावरच्या इशाऱ्याच्या दिव्यांची अक्षरं लहान आहेत म्हणून. आणि तीही गाडी न हलवता, हवेतून सॉफ्टवेअर पाठवून दुरुस्त केली. हे ऐकून आईनं आपली बीपीच्या गोळ्यांची पट्टी काकांपुढं धरली आणि म्हणाली, "यावरची तारीख वाचून दाखवा, आणि मग याही परत बोलवायला सांगा त्यांना."

पण माझ्या मनात सगळ्यांत घर करून राहिली ती जनरल मोटर्सची किल्ली. तिच्या स्विचचं घर सैल होतं. किल्लीला जड जुडगा लटकत असेल आणि गाडी खड्ड्यात आदळली, तर किल्ली आपोआप फिरून इंजिन बंद पडायचं. इंजिन गेलं की स्टिअरिंग जड, ब्रेक जड, आणि एअरबॅगही बंद. कंपनीनं नेमलेल्या भरपाई निधीनं १२४ मृत्यू मान्य केले. २०१४ मध्ये गाड्या परत बोलावल्या तेव्हा मालकांना सांगितलं होतं की दुरुस्ती होईपर्यंत रिंगमध्ये गाडीची किल्ली सोडून काहीही ठेवू नका.

हा सल्ला आपल्याकडे द्यायला हवा होता, म्हणजे गंमत झाली असती. माझ्या जुडग्यात गाडीची एक, दोन लॅचच्या, कपाटाची एक, लॉकरची एक, सोसायटीच्या पंपघराची एक (मी एकदा वर्षभर सेक्रेटरी होतो), गावाकडच्या घराच्या कुलपाची एक, आणि एक कशाची ते माहीत नाही पण काढायची हिंमत होत नाही अशी. शिवाय अष्टविनायकाचं पदक, नेलकटर आणि बँकेनं दिलेलं, बाटली उघडणारं पितळी कासव. आणि खड्डे कुठं आहेत ते पुणेकराला सांगायला नको. लोकांनी गाडी विकली असती, जुडगा सोडला नसता.

काही सूचना तर अशा असतात की त्या पाळायच्या म्हणजे गाव बदलावं लागतं. २०२१ च्या सप्टेंबरात मारुती सुझुकीनं १,८१,७५४ पेट्रोल गाड्यांचं मोटर जनरेटर युनिट तपासायचं ठरवलं. काम नोव्हेंबरपासून सुरू होणार होतं; तोवर पाणी साचलेल्या रस्त्यावरून गाडी नेऊ नका आणि विजेच्या भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नका, अशी विनंती होती. सप्टेंबरात! पुण्या-मुंबईतल्या मालकानं तेवढे दिवस गाडी गॅलरीत ठेवायची का? त्याच वर्षी अमेरिकेत शेव्हर्ले बोल्ट या बॅटरीच्या गाडीला आगी लागायला लागल्या तेव्हा मालकांना सांगण्यात आलं की ती इतर गाड्यांपासून ५० फूट लांब उभी करा. आमच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांतून जायचं तर पोट आत घ्यावं लागतं. ५० फूट म्हणजे पलीकडच्या सोसायटीचं मारुतीचं देऊळ, आणि तिथंही एक स्कूटर असतेच.

तर अशी आमची ज्ञानवृद्धी चालली होती आणि पार्ट येत नव्हता. खरं सांगायचं तर पाटी, भोपळा आणि काका या तिघांत आम्ही सुखानं नांदू लागलो होतो. पार्ट आला असता तरी आम्ही 'बघू दिवाळीनंतर' म्हटलं असतं. पण आईला मागं बसल्यावर गाडी लागते. नारायणपूरला जाताना दिवे घाटात तिला पहिली उलटी झाली, सासवडला दुसरी. परत आल्यावर तिनं जाहीर केलं की आपण आता पुढंच बसणार, पत्रा येवो नाही तर अख्खा डबा येवो. जे व्हायचं ते एकदाच होऊ दे, वळणावळणावर नको. फ्लोरिडातल्या पोलिसांनी जे साधलं नव्हतं ते दिवे घाटानं साधलं. दुसऱ्या दिवशी बायकोनं मीटिंग रद्द केली, सर्व्हिस सेंटरला जाऊन बसली आणि पार्ट येण्याची तारीख लेखी घेऊन आली. सदाशिव पेठ म्हणतात ती हीच.

पार्ट आला. आता अडचण देवाची होती. डॅशबोर्डावर डाव्या बाजूला, गाडी घेतली त्या दिवसापासून, गणपती विराजमान आहे. काकांनी दाखवून दिलं की तो नेमका एअरबॅगच्या झाकणावर आहे. फुगा उघडला असता तर मूर्ती कुठं गेली असती याचा हिशेब काका करायला लागले, तेव्हा आईनं त्यांना थांबवलं. सर्व्हिस सेंटरमधून निरोप होता की मूर्ती तुम्हीच काढून आणा, आमची मुलं देवाला हात लावत नाहीत. आईनं अक्षता वाहिल्या, 'पुनरागमनाय च' म्हटलं आणि मूर्ती जागेवरून हलवायला गेली. मूर्ती हलेना. दोन्ही बाजूंनी चिकटणारी जपानी टेप होती. दोष कशात निघाला नसता तर तो या टेपमध्ये. शेवटी मुलीनं हेअर ड्रायरचा गरम वारा सोडला आणि काकांनी दोऱ्यानं कापत कापत गजाननाला मोकळं केलं. खाली अक्षरं होती: 'एसआरएस एअरबॅग'. इतक्या वर्षांत आम्ही ती कधी वाचलीच नव्हती.

सर्व्हिस सेंटरला आम्ही तिघं गेलो. मी, फाइल घेतलेले काका, आणि आपली सीट सोडायला नको म्हणून आई (मागच्या सीटवर, आले-लिंबाची गोळी चघळत). काकांना भांडायचं होतं. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातलं ११०अ कलम त्यांनी झेरॉक्स करून आणलं होतं: सदोष गाड्या परत बोलवायचा आदेश सरकार देऊ शकतं, एप्रिल २०२१ पासून नियमही लागू आहेत, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. समोरचा सर्व्हिस अॅडव्हायझर पंचविशीतला, अत्यंत नम्र. म्हणाला, "हो काका, पण तो नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. ही तर त्याच्या बरीच पुढं आहे. आम्ही स्वतःहून करून देतोय." काकांना भांडायला जागाच ठेवली नाही. माणसाला फुकट मिळालं की त्याचा केवढा अपमान होतो ते मी त्यांच्या तोंडावर पाहिलं.

मग जॉब कार्ड. "सर, गाडी आलीच आहे तर एसी क्लीनिंग करून घेऊ? थ्रॉटल बॉडी? अंडरबॉडी कोटिंग? वायपर ब्लेड गेलेत. अलाइनमेंट-बॅलन्सिंग तर लागेलच." फुकट कामाचं एस्टिमेट बघता बघता अकरा हजार चारशेवर गेलं. इथं काकांचा जीव भांड्यात पडला. ही भाषा त्यांना कळत होती. एकेक ओळ खोडत त्यांनी ते एस्टिमेट वायपर ब्लेडवर आणलं, आणि तेही बाहेरून घेऊ म्हणाले.

दोन तासांनी गाडी धुऊन, पुसून समोर आली. डॅशबोर्ड खुळखुळत नव्हता. मी तो मुद्दाम ठिकठिकाणी दाबून पाहिला आणि थोडी निराशाही झाली. बिलावर खाली रक्कम छापली होती, शून्य रुपये, आणि सही करायला जागा. आई पुढं जाऊन बसलीसुद्धा.

"एक मिनिट," काका म्हणाले. "जुना पार्ट?"

अॅडव्हायझरनं समजावलं की तो देता येत नाही. आत स्फोटक आहे, तो मोजून, नोंद करून परत पाठवावा लागतो.

"चाळीस वर्षांत मी जुना पार्ट घेतल्याशिवाय गॅरेजातून बाहेर पडलेलो नाही," काका म्हणाले. "तुम्ही बदललात हे मी कशावरून मानायचं?"

मॅनेजर आले. त्यांनी मोबाइलवर डबा काढतानाचे फोटो दाखवले, नव्या डब्याचा नंबर दाखवला, कॅम्पेन पूर्ण झाल्याचा शिक्का दाखवला. काकांनी सगळं शांतपणे पाहिलं.

"ठीक आहे," ते म्हणाले, "डबा राहू दे. त्याचे स्क्रू तरी द्या."